शिकून गेलेले पुढे काय करतात?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राजकारण, वाङ्मय, धर्म, अर्थकारण असे भारदस्त विषय येत असतात. त्यांच्या शेजारी आजचा आमचा विषय काहीसा कारकुनी वाटेल. आरोग्यविषयक संशोधन करता यावे म्हणून ज्या तरुण माणसांना समाज पैसे खर्चून शिकवितो, ती माणसे दहा, वीस, तीस वर्षांनी कोठे असतात, काय करीत असतात, आणि याची नोंद कोणी ठेवतो की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. परंतु या कारकुनी प्रश्नात सार्वजनिक पैसा गुंतलेला आहे, तरुणांची उमेदीची वर्षे गुंतलेली आहेत, आणि शेवटी तुमच्याआमच्या घरातील आजाऱ्यांचे प्राणही गुंतलेले आहेत. म्हणून तासभर त्याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करू. सुताराच्या किंवा सोनाराच्या हाताखाली मुलगा काम शिकतो, त्याला आपण उमेदवारी म्हणतो. निवडणुकीने हा शब्द पळविला असला, तरी त्याचा जुना अर्थ आम्हांस आज हवा आहे. संशोधनातही उमेदवारी करावी लागते. डॉक्टर होणे ही एक गोष्ट आणि संशोधक होणे ही दुसरी. डॉक्टर समोरच्या माणसाला काय झाले आहे हे ओळखतो आणि उपचार करतो. संशोधक विचारतो की, हा रोग मुळात का होतो? दिलेल्या औषधाने रोगी बरा झाला, की औषध न देताही तो बरा झालाच असता? हे प्रश्न नीट विचारावयाचे, त्यांची उत्तरे कशी मिळवावयाची, आणि मिळालेले उत्तर मनासारखे नसले तरी ते कसे मान्य करावयाचे, हे पुस्तकातून येत नाही. ते कोणा जाणत्याच्या हाताखाली राहून, दोन-चार वर्षे घालवून शिकावे लागते. या उमेदवारांना शिष्यवृत्ती लागते, प्रयोगशाळा लागते, शिकविणारा लागतो. हा सारा खर्च बहुधा सरकार करते, नाहीतर एखादा धर्मादाय निधी करतो. म्हणजे दोन्ही परी तो समाजाचाच पैसा.

आता, समाजाचा पैसा खर्च झाला की हिशेब आला. कालवा काढला, तर किती एकरांस पाणी मिळाले ते पाटबंधारे खाते मोजते. परंतु माणसे शिकविली, तर आपले अहवाल काय सांगतात? यंदा इतक्या जणांस शिष्यवृत्त्या दिल्या. इतक्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. इतका निधी खर्ची पडला. हे झाले पेरलेल्या बियाण्याचे माप. पीक किती आले, कोठे आले, कोणत्या शेतात काहीच उगवले नाही, याविषयी अहवाल मौन धरतो. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पीक येते ते अहवालाचे वर्ष संपून गेल्यावर, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या शेतात.

माणसांची नोंद पिढ्यान् पिढ्या ठेवणे आपल्याकडे अपरिचित नाही. त्र्यंबकेश्वरी, नाशकास किंवा काशीस आपल्यापैकी कोणी गेले असेल, तर क्षेत्रोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून एक लांबट वही काढली असेल आणि तुमच्या पणजोबांची सही तुम्हांला दाखविली असेल. राजवटी बदलल्या तरी ती वही टिकली. तिच्यात एकच उणीव आहे. जो यात्रेस आला त्याचेच नाव तिच्यात असते. जो भाऊ कधी क्षेत्री गेलाच नाही, त्याचा वंश त्या वहीत नाही. ही उणीव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आमच्या आजच्या विवेचनाचा अर्धा भाग तिच्यावरच उभा आहे.

शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांपैकी काहींनी फार पूर्वी अशी वही घातली. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९१७ पासून देशोदेशींच्या तरुणांना शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांत सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यक यांचा वाटा मोठा होता. प्रत्येक शिष्यवृत्तिधारकाचे एक पत्रक ठेवले जाई. तो कोण, कोठे शिकला, आणि परत गेल्यावर कोणत्या कामावर लागला, अशा नोंदी त्यावर होत. १९१७ ते १९७० या काळातील शिष्यवृत्तिधारकांची एक जाडजूड सूचीच प्रतिष्ठानाने १९७२ साली छापली. याच प्रतिष्ठानाने कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र संस्थेस साहाय्य केले, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या जोडीने १९५२ साली पुण्यात विषाणु संशोधन केंद्र काढले. तेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था.

परंतु वही असणे आणि वहीतून ज्ञान मिळणे यांत अंतर आहे. ते अंतर कसे तोडले जाते, हे पाहण्यासाठी आम्ही श्रोत्यांना अमेरिकेच्या मेरीलंड राज्यातील बेथेस्डा या गावी घेऊन जाणार आहोत. तेथे त्या देशाची राष्ट्रीय आरोग्य-संशोधन संस्था आहे, आणि १९५३ साली तिचे स्वतःचे संशोधन-रुग्णालय सुरू झाले.

व्हिएटनामचे युद्ध चालू असताना अमेरिकेतील तरुण डॉक्टरांना सक्तीने लष्करी सेवेस बोलाविले जाई. ज्यांना रणांगणावर जावयाचे नव्हते, त्यांच्यापुढे एक पर्याय होता. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत दोन-तीन वर्षे काढली तर ती लष्करी सेवेच्या ठिकाणी धरली जात असे. या सेवेतील सर्वांत हवीशी जागा म्हणजे बेथेस्डाच्या संस्थेतील संशोधनाची उमेदवारी. अमेरिकी सैन्यात हिरव्या टोपीचे एक नामांकित लढवय्ये पथक होते. त्यावरून या उमेदवारांना लोक चेष्टेने 'पिवळ्या टोपीवाले' म्हणत. देशभरातील उत्तमोत्तम डॉक्टर अर्ज करीत, मुलाखती होत, आणि थोडेच निवडले जात. यांतील पुष्कळांना संशोधनाची काही विशेष ओढ नव्हती. ते आले युद्ध टाळण्यासाठी, आणि दोन वर्षांनी आपापला दवाखाना थाटावा असे त्यांच्या मनात होते.

संस्थेने अर्जदारांची लहान लहान पत्रके करून ठेवली होती. निवडले गेलेल्यांची ठेवली, आणि न निवडलेल्यांचीही ठेवली. त्या वेळी हे केवळ कचेरीचे काम म्हणून झाले असेल. परंतु अर्ध्या शतकाने त्या पत्रकांचे सोने झाले. पिएर अझूले, वेस्ली ग्रीनब्लॅट आणि मिस्टी हेगनेस या तीन अभ्यासकांनी १९६५ ते १९७५ या दहा वर्षांतील ३,०७५ अर्जदारांचा पुढील आयुष्यभराचा मागोवा घेतला आणि २०२१ साली तो प्रसिद्ध केला.

न निवडलेल्यांची पत्रके कशासाठी हवीत, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या गावातच आहे. हुशार मुले निवडून घेणाऱ्या शाळेचा शालान्त परीक्षेचा निकाल दर वर्षी उत्तम लागतो, आणि शाळा वर्तमानपत्रात जाहिरात देते. त्या निकालात मास्तरांचे श्रेय किती, आणि मुले मुळातच हुशार होती म्हणून किती? नुसत्या निकालावरून हे कधीही कळणार नाही. त्याच तोडीची, परंतु थोडक्यात प्रवेश हुकलेली मुले दुसऱ्या शाळेत जाऊन काय करतात, ते पाहावे लागेल. या तिघांनी नेमके तेच केले. पहिल्या चाळणीतून पार झालेले, पण अखेरीस जागा न मिळालेले डॉक्टर त्यांनी तुलनेसाठी घेतले.

निष्कर्ष असा निघाला की, उमेदवारी केलेले डॉक्टर पुढे संशोधनप्रधान जागा पत्करण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट होते. वर्षे लोटली तरी संशोधन सोडून केवळ रुग्णसेवेकडे वळणारे त्यांच्यात बरेच कमी होते. संशोधनाची एक विशिष्ट रीत त्यांच्या हाताला जी लागली ती आयुष्यभर टिकली. रोग्याच्या खाटेशी सुचलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यावयाचा, आणि प्रयोगशाळेतील उत्तर पुन्हा खाटेशी आणावयाचे, अशी ती रीत होय. पुढे हेच लोक देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत मोठ्या जागांवर गेले आणि त्यांनी तीच रीत पुढच्या पिढीस शिकविली. दोन-तीन वर्षांच्या सहवासाने माणसाच्या चाळीस वर्षांचे वळण बदलू शकते, ही गोष्ट शिक्षक नेहमीच म्हणत आले आहेत. येथे ती मोजून दाखविली गेली. आणि ती मोजता आली याचे श्रेय कोणा अनाम कारकुनाने जपलेल्या पत्रकांना आहे.

आता काळाचा प्रश्न घेऊ. किती वर्षे वाट पाहावी? १९६८ या एकाच वर्षी बेथेस्डाला जे तरुण आले, त्यांत मायकेल ब्राऊन, जोसेफ गोल्डस्टीन, हॅरोल्ड व्हार्मस, रॉबर्ट लेफकोविट्झ आणि अँथनी फाउची ही नावे आहेत. गोल्डस्टीन यांनी तेथे दोन लहान भावंडे पाहिली. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मतःच भयंकर वाढलेले, इतके की लहानपणीच हृदयविकार जडावा. असे का होते, हा प्रश्न त्यांनी आणि ब्राऊन यांनी सोडला नाही. पुढे डॅलस येथे १९७३ साली त्यांना उत्तराची किल्ली सापडली. रक्तातील हा पदार्थ ओढून घेणारे ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावर असतात, आणि ते नसले की तो रक्तातच साचतो. १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानच्या अकिरा एन्डो यांनी ज्या जातीच्या औषधाचा शोध लावला होता, ते स्टॅटिन नेमके कसे काम करते हेही या संशोधनाने उलगडले. आज या सभागृहातील कित्येक ज्येष्ठ मंडळी रात्री निजताना ती गोळी घेत असतील. व्हार्मस यांना १९८९ साली नोबेल मिळाले. लेफकोविट्झ यांना ते मिळाले २०१२ साली, म्हणजे उमेदवारी सुरू झाल्यापासून चव्वेचाळीस वर्षांनी. फाउची यांच्यापुढे एड्सची साथ उभी राहिली ती १९८१ साली, उमेदवारीनंतर तेराव्या वर्षी. तिचे नाव १९६८ साली कोणी ऐकलेही नव्हते.

समजा, १९७१ साली एखाद्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने या मंडळींचा हिशेब मागितला असता. हाती काय लागले असते? थोडे निबंध आणि नोकरीचे पत्ते. योजना बंद करावी असा शेरा त्याने मारला असता, तर कागदोपत्री तो चुकला असे कोणालाही म्हणता आले नसते.

नोबेल पारितोषिकांची नावे घेतली म्हणून श्रोत्यांचा गैरसमज होऊ नये. पारितोषिक हे काही माप नव्हे. शेकडो उमेदवारांतून चार-पाच जणांना ते मिळते. बाकीच्यांचे काम कमी मोलाचे असते असे मुळीच नाही. म्हणून एक घरचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९८४ साली सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पुरे केले, आणि परत येऊन गडचिरोलीत काम मांडले. विद्यापीठाच्या वहीत 'हुद्दा' असा रकाना असता, तर त्यात लिहिण्यासारखे फारसे काही नव्हते. नामांकित रुग्णालय नाही, विभागप्रमुखपद नाही, जंगलातला एक जिल्हा. तेथे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकांची काळजी घेण्यास, जंतुसंसर्ग ओळखण्यास आणि त्यावर घरीच उपचार करण्यास शिकविले. तुलनेसाठी शेजारची गावे घेऊन नीट मोजणी केली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना देशभर लागू केली. शिक्षण १९८४, निबंध १९९९, देशव्यापी योजना २०११. म्हणजे पंधरा वर्षे आणि सत्तावीस वर्षे. आंब्याची कोय लावून पुढच्या मृगात फळ मागणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. संशोधनाच्या शिक्षणाचा हिशेब वर्षाअखेर मागणाराही त्याच पंक्तीत बसतो.

काळानंतर प्रश्न येतो तो मापाचा. काय मोजावे? आपल्याकडे पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, 'परत आला का?' प्रश्न रास्त आहे. गरीब देशाने शिकवावे आणि श्रीमंत देशाने कामास लावावे, यात अन्याय आहे आणि तो झाकू नये. परंतु हा एकच प्रश्न विचारला तर काय निसटते, तेही पाहावे.

आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकले आणि सासऱ्यांची मदत व धर्मादाय निधीचे साहाय्य घेऊन १९२३ साली बॉस्टनला पोहोचले. ते परत आले नाहीत. १९४८ साली तिकडेच वारले. 'परत आला का?' या रकान्यात त्यांच्या नावापुढे फुलीच पडेल. आणि तरीही १९४७ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून हत्तीरोगावर जे औषध निघाले, ते डी.ई.सी. या नावाने आजही भारतात वापरले जाते. २००४ पासून हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्व लोकांना ते देण्याची मोहीम चालते. आमच्या विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागांतील लोकांनी ती गोळी घेतलेली आहे. फॉलिक आम्लाच्या त्यांच्या संशोधनातूनच मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील पहिल्या औषधांची वाट निघाली. माणूस परतला नाही, पण त्याचे काम परतले. आता याला जमेस धरावे की खर्ची? आमचे म्हणणे इतकेच की, वहीत त्यासाठी एक रकाना असावा. तो रकानाच नसेल, तर वही खोटे बोलणार नाही, पण अर्धे सत्य सांगेल. आणि उलटही खरे आहे. एक सुब्बाराव दाखवून शंभर न परतलेल्यांचे समर्थन करणे हेही अर्धसत्यच होय. म्हणून सर्वांची नोंद हवी.

केवळ प्रसिद्ध झालेले निबंध मोजणे ही दुसरी सोपी पळवाट. निबंध मोजावेत, पण त्यांच्या जोडीला आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. या माणसाने पुढे किती जणांना शिकविले? त्याच्या शोधामुळे कोठे एखादा सरकारी नियम, एखादी उपचारपद्धती बदलली काय? आणि जो संशोधन सोडून दवाखान्यात बसला, तो पुराव्याशिवाय औषध न देण्याची सवय बरोबर घेऊन गेला काय? हे शेवटचे मोजणे कठीण आहे, पण आमच्या समजुतीने तालुक्याच्या गावी त्याचा उपयोग सर्वांत अधिक.

आता क्षेत्रोपाध्यायांच्या वहीतील उणिवेकडे वळू. जो यात्रेस येतो त्याचेच नाव लागते. संस्था आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे पाठविते, तेव्हा उत्तर कोण देतो? ज्याचे बरे चालले आहे तो. ज्याला शिष्यवृत्ती संपल्यावर नोकरी मिळाली नाही, ज्याने कंटाळून औषध कंपनीत विक्रेत्याचे काम धरले, जी आईच्या आजारपणासाठी घरी परतली आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ शकली नाही, ती माणसे गप्प राहतात. मग आलेल्या उत्तरांचाच मेळ घालून संस्था म्हणते की, आमचे बहुतेक उमेदवार उत्तम स्थितीत आहेत. न आलेले उत्तर हेही एक उत्तर आहे. ते वेगळे मोजले पाहिजे, आणि अहवालात त्याचा आकडा ठळक छापला पाहिजे. योजनेत कोठे खोट आहे ते सांगणारी माणसे बहुधा त्या गप्प बसलेल्यांतच असतात.

यात स्त्रियांचा प्रश्न वेगळा काढून पाहण्याजोगा आहे. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर त्यांनी प्रथम दिल्लीस लेडी हार्डिंज महाविद्यालयात, नंतर कुन्नूरच्या पोषणविषयक प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये, नीरा अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केले, विद्यार्थी घडविले. आता केवळ निबंधांच्या सूचीवरून कोणी मागोवा घेऊ लागला, तर त्याला काय दिसेल? कमला भागवत नावाची एक संशोधिका एकाएकी थांबते आणि कमला सोहोनी नावाची दुसरी एकाएकी सुरू होते. एका बाईच्या दोन बाया होतात, आणि पहिलीच्या नावापुढे 'संशोधन सोडले' असा शेरा पडतो. गावही तीनदा बदललेले, तेव्हा पत्त्यावरून शोधणेही व्यर्थ. आपल्याकडे आडनावे मोजकी, आद्याक्षरे सारखी. एस. आर. कुलकर्णी किती असतील याची गणती नाही. २०१२ पासून 'ऑर्किड' नावाची एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था चालू आहे. तीत प्रत्येक संशोधकास सोळा स्थानांचा एक कायमचा क्रमांक मिळतो. लग्न झाले, नाव बदलले, देश बदलला, तरी क्रमांक तोच. गोष्ट साधी, पण कमलाबाईंच्या वेळी ती असती तर हा घोटाळा झालाच नसता.

श्रीमंत देशांत हे सगळे व्यवस्थित चालले आहे, असे मात्र समजू नये. २०१२ साली अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय आरोग्य-संशोधन संस्थेने नेमलेल्या एका समितीने आपल्या देशातील डॉक्टरेटनंतरच्या उमेदवारांची संख्या शोधू पाहिली. अंदाज निघाले ते ३७ हजारांपासून ६८ हजारांपर्यंत! चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या देशाला आपल्या प्रयोगशाळांत राबणारे तरुण किती, हे धड सांगता आले नाही. त्यानंतर तेथे जाग आली. २०१७ साली दहा संस्थांनी एकत्र येऊन ठरविले की, आमच्याकडे डॉक्टरेट करणारे किती, त्यांना वर्षे किती लागतात, आणि ते पुढे कोठे जातात, हे आम्ही जाहीर करू. म्हणजे पुढे येणाऱ्या विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवून यावे. त्याच राष्ट्रीय संस्थेचे फोगार्टी केंद्र १९६८ साली निघाले. एड्सच्या संशोधनासाठी इतर देशांतील माणसे शिकविण्याची योजना त्याने १९८८ पासून चालविली, आणि पुण्यातील संशोधकांनाही जॉन्स हॉपकिन्सच्या द्वारा तिचा लाभ झाला. या केंद्राने आपल्या उमेदवारांच्या पुढील वाटचालीची नोंद ठेवणारी एक संगणकीय वही तयार केली आहे. पत्रकांची जागा यंत्राने घेतली. प्रश्न मात्र तेच राहिले.

आपल्या देशाकडे पाहू. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. भारतातील ५७९ वैद्यकीय संस्थांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांत किती संशोधन प्रसिद्ध केले, ते त्यांनी मोजले. ३३२ संस्थांच्या नावावर, म्हणजे शंभरांत सत्तावन्नांच्या नावावर, एकही निबंध नव्हता. हा आकडा ऐकून आपण हळहळतो, आणि मास्तर आळशी, विद्यार्थी परीक्षार्थी, सरकार कंजूष, असे म्हणून मोकळे होतो. पण थोडा धीर धरून विचारावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या अल्पकालीन संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. पहिल्या वर्षांतील विद्यार्थी आज निवृत्तीच्या वयाचे झाले असतील. त्यांच्यापैकी किती जण संशोधनाकडे वळले? जे वळले नाहीत ते का? गोडी लागली नाही म्हणून, की गोडी लागली पण ज्या महाविद्यालयात नोकरी मिळाली तेथे प्रयोगशाळाच नव्हती म्हणून? पहिले खरे असेल तर शिक्षण सुधारले पाहिजे. दुसरे खरे असेल तर शिक्षणावर आणखी पैसा ओतून उपयोग नाही. नोकरीच्या ठिकाणी सोय केली पाहिजे. दोन्ही दुखणी बाहेरून सारखीच दिसतात, पण उपाय निराळे. कोणते दुखणे आहे ते माणसांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्याशिवाय कळत नाही. निदान न करता औषध देणाऱ्यास आपण वैदू म्हणतो. शिक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनाही तीच कसोटी लावली पाहिजे.

या सूचनेवर आक्षेप येतात, त्यांना उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप खर्चाचा. त्याला उत्तर सोपे. शिष्यवृत्तीच्या रकमेतील अल्पसा भाग नोंदींसाठी प्रथमपासूनच राखून ठेवावा. हरवलेली माणसे वीस वर्षांनी शोधण्याचा खर्च याहून पुष्कळच जास्त येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि आम्हांसही तो पटतो. आज जी वही घातली ती उद्या चाबूक होणार नाही कशावरून? 'तुझ्यावर इतके रुपये खर्च केले, तू काय दिलेस?' असे प्रत्येकास दटावून विचारले जाऊ लागले, तर माणसे खरे सांगणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, ती लवकर फळ देणाऱ्या सोप्या प्रश्नांमागे धावतील, आणि वीस वर्षे लागणारा अवघड प्रश्न कोणी हाती धरणार नाही. बंधपत्र आणि वही यांत फरक आहे. बंधपत्र माणसाला बांधते, वहीने योजनेला बांधावे. वहीवरून परीक्षा व्हावयाची ती शिकविणाऱ्यांची आणि पैसे देणाऱ्यांची. ज्याचे नाव वहीत आहे, त्याची नव्हे. म्हणून नोंद संमतीने व्हावी, ज्याची त्याला ती पाहता यावी, चुकली असेल तर दुरुस्त करता यावी, आणि बाहेर जाईल ते आकड्यांच्या रूपाने जावे, नावांच्या नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आपल्याकडेही झाला आहे. परंतु कायद्यापेक्षाही हा विश्वासाचा प्रश्न आहे. विश्वास गेला की उत्तरे येणे थांबते, आणि मग वहीत पुन्हा यात्रेस येणारेच तेवढे उरतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे सारे दिल्लीने करावे, असे म्हणून आपण घरी जाऊ शकतो. पण आपल्या प्रत्येक गावात एखादा तरी शिष्यवृत्ती निधी असतो. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेला, कोणी ज्ञातीने उभा केलेला, कोणी बँकेने. सुब्बारावांना बॉस्टनला पोहोचविणारा हात असल्याच एका निधीचा होता. अशा निधीतून वैद्यक शिकलेली, संशोधनास गेलेली मुले-मुली आपल्या गावातही आहेत. त्या निधीच्या विश्वस्तांनी दर वर्षीच्या सभेत जमाखर्च वाचण्यापूर्वी एक वही उघडावी. तीत पैसे मिळालेल्यांची नावे असावीत, आणि अर्ज करूनही ज्यांना देता आले नाहीत त्यांचीही असावीत. पहिल्या, पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या वर्षी एवढेच विचारावे: सध्या काय करता? शिकलेल्यातले काय उपयोगी पडले? कोठे अडले? तुमच्या हाताखाली कोण शिकते आहे? ज्याचे उत्तर आले नाही त्याच्या घरी कोणी तरी जाऊन यावे, हिशेब मागण्यासाठी नव्हे, चौकशी करण्यासाठी. गावात ते अवघड नाही. वीस वर्षांनी त्या वहीतून जे कळेल, ते कोणत्याही सरकारी अहवालातून कळणार नाही. आणि कदाचित एखादा उमेदवार, जो आपण सर्वांच्या लेखी संपलो असे समजून बसला होता, तो आपली कोणी तरी आठवण ठेवली या एका गोष्टीने पुन्हा कामाला लागेल.

माणसे शिकवून सोडून द्यावयाची, ही आपली जुनी उदारता आहे. तिच्या जोडीस थोडी चिकाटी आली, तर ती अधिक फळेल.